दोन बोटं मोठ्या खिडक्या

तर चौकट भिंतीत जाईना, इथवर काल आलो होतो. तेवढ्यात चहा आला, चहामागून गप्पांना फाटे फुटले, आणि बिचारी चौकट अर्धी आत अर्धी बाहेर अशी लटकत राहिली. आज तिला बसवल्याशिवाय मी उठत नाही.

काल जे नव्हते त्यांना आधी माणसं सांगतो. चौकट अक्कांच्या घराची. अक्का म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण. सगळा जन्म शिवणकामात गेला. पुढच्या खोलीत रस्त्याकडे तोंड करून मशीन, गळ्यात मापाची टेप, तोंडात टाचण्या, आणि टाचण्या तोंडात असल्या तरी बोलणं चालूच. बाकीची माणसं मोकळ्या तोंडानेही एवढं स्पष्ट बोलत नाहीत.

त्यांच्या शिवणीची एक खूण होती. कापड बेतताना शिवणीच्या कडेला जास्तीचं कापड ठेवतात, त्याला शिंपी लोक माया म्हणतात. दुसरे शिंपी बोटभर ठेवतात, अक्का दोन बोटं ठेवायच्या. गिऱ्हाईक कुरकुरलं, कापड वाया जातंय म्हणालं, की अक्का टेप गळ्यात टाकत विचारायच्या, "आज बारीक आहात. कायम राहणार आहात का?" पुढे बोलायची कुणाची छाती होत नसे.

माझ्या लग्नातला कोट त्यांनीच शिवला. तेव्हा मी असा होतो की वाऱ्याने छत्रीआधी मी उडालो असतो. पुढे अंगाने भरलो, कोट उसवून सैल झाला. आणखी भरलो, आणखी सैल झाला. मग तो आत घेऊन माझ्या मुलाने वापरला आणि आता नातवाच्या अंगावर आहे. अक्कांच्या हाताखालून गेलेला कपडा विटेल, विरेल, पण तोकडा पडणार नाही. ही कोटाची गोष्ट उगाच सांगितली असं समजू नका, ती पुढे लागणार आहे.

आता घर. घर जुनं, चढावर, कोपऱ्यावरचं. तिन्ही बाजू उघड्या, त्यामुळे वारा येताना निवड करून यायचा, आज या खिडकीतून, उद्या त्या. पुढच्या खोलीतली एक खिडकी शीळ घालायची, तिच्या शेजारची दात वाजवायची, स्वयंपाकघरातली हुंकार द्यायची. दारं-खिडक्या लावून बसलं तरी भिंतीवरचं कॅलेंडर आपोआप उलटायचं. थंडीच्या दिवसांत आम्ही तिकडे गेलो की बायको आधी विचारायची, "अक्का, आज कुठला महिना चालू आहे तुमच्याकडे?" अक्का उत्तर न देता कातरणाची एक चिंधी उचलायच्या आणि सुरीच्या टोकाने खिडकीच्या फटीत कोंबायच्या. दर थंडीत कोंबायच्या. वारा त्या चिंध्यांना भीक घालत नसे.

अक्कांचे यजमान म्हणजे माझे साडू. पोस्टात होते. घाई नावाची गोष्ट त्यांना माहीत नाही, म्हणून सगळं गणगोत त्यांना पाठीमागे 'सावकाश' म्हणतं. घराला आग लागली तरी हे आधी चपला शोधतील. तर गेल्या थंडीत सावकाशांच्या छातीने दगा दिला. दवाखान्यात राहून बरे झाले, पण डॉक्टरांनी बजावून सांगितलं की यांना वाऱ्याची झुळूकही लागता कामा नये. तिथून लेक त्यांना थेट आपल्या घरी घेऊन गेली. तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांत.

आणि जाताना आईला सांगून गेली, "थंडी पडायच्या आत खिडक्या नीट झाल्या तर बाबा घरी येतील. नाहीतर ते घर विकायचं आणि तू पण इकडे यायचं. मला आता दर थंडीला दवाखाना नको."

मुलगी चुकीचं बोलली नव्हती, म्हणूनच अक्का जास्त चिडल्या. "तिच्याकडे मशीन ठेवायचं कुठे? गॅलरीत? आणि पायडल मारलं की खालच्या मजल्यावरचे काठी घेऊन वर येतील. आणि यांना विचारा, हे म्हणतील सावकाश ठरवू."

घराचं काम तसंही निघालंच होतं. फरशी उखडली होती, वायरी बदलायच्या होत्या, भिंती खरवडून झाल्या होत्या. अक्का म्हणाल्या, बाकी सगळं थांबवा, आधी चारही खिडक्या. पुढच्या खोलीच्या दोन, स्वयंपाकघराची एक, आणि निजायच्या खोलीची एक. ती शेवटची सगळ्यात महत्त्वाची, कारण सावकाशांची कॉट तिच्या खाली.

सुतार शोधला. माणूस हुशार, पण त्याला गाठणं म्हणजे वाऱ्याला मुठीत धरणं. येतो म्हणायचा आणि यायचा नाही. शेवटी अक्कांनी फोनवर धारेवर धरलं तेव्हा म्हणाला, "काकू, मी येऊन तरी काय करणार? माप घेणार. माप तुमच्याइतकं चोख कोण घेणार? तुम्हीच घ्या आणि फोनवर सांगा."

अक्का खूश. मला बोलावलं. मी टेपचं एक टोक धरलं, त्यांनी दुसरं. लांबी, रुंदी, कोपरे, सगळं पाहून झालं. मी मनात म्हटलं, गावच्या शाळेत मास्तरांनी लांबी-रुंदीसाठी मला बाकावर उभं केलं होतं, ते आज कामी आलं. अक्कांनी तिथल्या तिथे सुताराला मापं सांगितली. तोंडात टाचण्या नव्हत्या, त्यामुळे ऐकण्यात चूक व्हायचंही कारण नव्हतं.

चौकटी आल्या त्या दिवशी हवेत गारवा शिरला होता. सुताराने पहिलं काम काय केलं असेल, तर जुन्या चारही खिडक्या पहारीने उचकटून अंगणात फेकल्या. त्यानंतर नवी चौकट उचलली. आणि ती भिंतीत जाईना.

आडवी करून पाहिली, तिरकी करून पाहिली. एक कोपरा आत गेला की दुसरा बाहेर. सुतार म्हणाला, भिंत फुगलीय. अक्का म्हणाल्या, भिंत काय भाकरी आहे फुगायला, तुझं लाकूड ओलं होतं. मी म्हटलं, दुसरी लावून बघा. दुसरी जाईना, तिसरी जाईना. चौथीला सुताराने हातोडा खाली ठेवला आणि उकिडवा बसून विडी पेटवली.

तेवढ्यात सावकाशांचा फोन. रोज संध्याकाळी यायचा.

"बसल्या का खिडक्या?"

"एक आत आहे," अक्का म्हणाल्या.

"पूर्ण?"

"अर्धी."

"होऊ दे सावकाश."

अक्कांनी फोन असा ठेवला की मशीनवरचं रीळ उडून जमिनीवर पडलं.

मग भांडण जुंपलं. अक्का म्हणाल्या, मापं मी सांगितली तीच आहेत ना? सुतार म्हणाला, एक दोरा इकडेतिकडे नाही, मोजून घ्या. अक्कांनी चौकट मोजली. बरोबर तीच. म्हणजे सुतार खरा. पण अक्काही खऱ्या, कारण टेपचं एक टोक मी धरलं होतं आणि मी साक्षीला उभा होतो. दोघंही खरे आणि चौकट बाहेर. असा पेच मी कोर्टातही पाहिला नाही, आणि कोर्टात मी शेताच्या बांधापायी बरीच वर्षं काढली आहेत. ते पुन्हा कधीतरी.

शेवटी सुतार म्हणाला, "काकू, माझ्या डोळ्यांसमोर एकदा भिंतीचं माप घ्या."

अक्कांनी गळ्यातली टेप काढली. एक टोक माझ्या हातात दिलं. दुसरं टोक ताणून भिंतीच्या कडेला लावलं, आणि अंगठा टेपवर पुढे सरकवला. दोन बोटं. मग आकडा सांगितला.

सुतार विडी विझवून उठला. "हे बोट कशाला सरकवलंत?"

"कुठलं बोट?"

"आत्ता सरकवलंत ते."

अक्कांनी आपल्या अंगठ्याकडे पाहिलं, जणू तो दुसऱ्याच कुणाच्या हाताचा होता. "कडेला माया नको का सोडायला?"

खिडकीच्या भोकातून वारा आत आला आणि कॅलेंडर उलटलं.

"काकू," सुतार अगदी हळू म्हणाला, "खिडकी भोकापेक्षा थोडी लहान करतात. मोठी नाही. खिडकी काय वाढणार आहे का पुढच्या वर्षी?"

मला माझा कोट आठवला. हसू असं दाटून आलं की मी अंगणात जाऊन जुन्या खिडक्या मोजत उभा राहिलो. आतून अक्कांचा आवाज आला, "हसा भाऊजी, हसा. टेपचं दुसरं टोक तुमच्याच हातात होतं." तेही खरं होतं. मी टोक धरलं होतं, अंगठा पाहिला नव्हता.

यापुढचे दिवस फार वाईट गेले. सुतार म्हणाला, भिंत फोडावी लागेल, ते माझं काम नाही, गवंडी आणा. आणि गेला. चार भोकांवर अक्कांनी घरातले जाड पडदे, चादरी, होतं नव्हतं ते ठोकलं. वाऱ्याने पडदे शिडासारखे फुगायचे आणि घर आता समुद्राला लागतंय असं वाटायचं. फरशीच्या धुळीने दुधावर साय धरायच्या आधी करडा थर धरायचा. कोपऱ्यावरून जाणारा प्रत्येक माणूस पडदा बाजूला करून डोकं आत घालायचा आणि विचारायचा, काम कुठवर आलं. एक दिवस एका परक्या मांजरीने मशीनवर पिलं घातली. अक्का अंगावर कोट, कोटावर शाल घेऊन खाटेवर बसून हाताने टाके घालत होत्या, कारण मशीन पिलांनी अडवलं होतं.

माझी बायको म्हणाली, "अक्का, काम होईतो आमच्याकडे चला."

"मी हलले की लेक म्हणेल, बघा, आईलाही राहवलं नाही. मी इथून हलत नाही. मला पडसं झालं तरी चालेल, पण तिला कळता कामा नये."

मग फोनवर लेकीशी बोलताना शिंक आली की म्हणायच्या, मिरची फोडणीला टाकलीय. त्या घरात दिवसभर मिरचीच फोडणीला पडत होती.

गवंडी आला. म्हातारा, तोंडाचा फटकळ, आणि सुताराशी त्याचं जुनं वाकडं. दोघं एका खोलीत, दोन हातांवर उभे, आणि एकमेकांशी बोलणार नाहीत. गवंडी म्हणायचा, "बाई, सुताराला सांगा, चौकट बाजूला घे." सुतार म्हणायचा, "काकू, गवंड्याला सांगा, चौकट त्याच्या वाटेत नाही, तोच चौकटीच्या वाटेत आहे." अक्का मधे उभ्या. थोडा वेळ निरोप्याचं काम केलं, मग कात्री उचलून म्हणाल्या, "आता जो माझ्यामार्फत बोलेल त्याची जीभ बेतीन." त्यानंतर दोघं खाणाखुणांवर आले.

गवंड्याने पुढच्या खोलीत भोकाच्या कडेला हातोडीने टकटक केली. कान लावला. पुन्हा टकटक. मग म्हणाला, "बाई, ही भिंत नाहीच. हे भरताड आहे. इथे पूर्वी मोठी खिडकी होती. कुणीतरी ती काढून लहान लावली आणि उरलेल्या जागेत विटांचे तुकडे, माती, सापडेल ते कोंबून वरून गिलावा मारला. इथे हात लावा."

अक्कांनी गिलाव्याच्या चिरेवर हात ठेवला आणि झटकन मागे घेतला. भिंतीतून गार वारा येत होता.

"वारा खिडकीतून कमी आणि इथूनच जास्त यायचा," गवंडी म्हणाला.

अक्कांनी पुन्हा चिरेवर तळवा धरून पाहिला. मग म्हणाल्या, "म्हणजे मी जन्मभर चिंध्या चुकीच्या फटीत कोंबल्या?"

"चिंध्या चांगल्या होत्या. फट चुकली."

हे ऐकून त्यांना इतका संताप आला की तो कुणावर काढावा हे समजेना. ज्याने भरताड घातलं तो केव्हाच मेलेला असणार, आणि त्याचं नावही कुणाला माहीत नाही. शेवटी त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पुन्हा अंगणात गेलो.

भरताड निघालं, आणि काय सांगू, पुढच्या दोन्ही चौकटी त्या जागेत अशा बसल्या की बाजूला थोडी फट ठेवून गवंड्याला चुना भरता आला. स्वयंपाकघरातही तेच. सुतार कमरेवर हात ठेवून म्हणाला, "बसली की नाही?" जसं काही आधीपासून हेच त्याच्या मनात होतं. अक्कांनी लगेच मान वर केली. "माझी माया कधी वाया गेलीय का?" सुताराच्या कपाळावर आठ्या चढल्या.

अक्कांचा आनंद निजायच्या खोलीच्या दारापर्यंत टिकला. तिथे गवंड्याने टकटक केली आणि मान हलवली. ही खिडकी मुळापासून अशीच. चहूबाजूंनी अखंड दगड. फोडायला गेलं तर वरची शिळा खाली येईल, आणि खाली सावकाशांची कॉट.

आणि त्याच दिवशी लेकीचा फोन. थंडी पडायला लागली आई, रविवारी मी बाबांना घेऊन येते. नीट असेल तर ठेवून जाईन, नसेल तर परत नेईन आणि घराचं बोलायला माणूस आणीन.

सुतार म्हणाला, नवी चौकट करायला लाकूडच नाही हाताशी. रविवारपर्यंत होत नाही.

"मग हीच उसवा," अक्का म्हणाल्या.

"काकू, लाकूड आहे ते. लाकूड उसवत नाही."

"खुंट्या ठोकून जोडलंय ना? जे जोडलंय ते उसवतं. उसवायची आणि दोन्हीकडून आत घ्यायची. कपडा मोठा झाला तर मी जाळून टाकते काय?"

सुताराने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "माझा कोट बघायचाय का?" त्याला काही कळलं नाही, पण कंटाळून त्याने खुंट्या ठोकून काढल्या. चौकटीचे चार दांडे वेगळे झाले. आडवे दोन्ही कापले, सांध्यात बसायची टोकं, म्हणजे कुसं, पुन्हा पाडली. मग उभे दोन्ही. मग पल्ले. अक्का शेजारी पाट टाकून बसल्या आणि नव्या कारागिराला शिकवावं तसं बोलत राहिल्या, "कडेकडेने घे. ओढू नको. तिरकं जातंय." सुताराने एकदा करवत खाली ठेवली आणि विचारलं, "काकू, मी तुमचं ब्लाऊज शिवतोय का?" एक काच कापताना तडकली. सुताराने ती अक्कांपुढे धरली. "ही पण उसवायची?" अक्कांनी निमूटपणे पैसे काढले आणि मला काचवाल्याकडे पिटाळलं.

शनिवारी दिवेलागणीला ती खिडकी बसली. गवंड्याने चुना भरला. जाता जाता तो सुताराला म्हणाला, "बरी बसली." इतक्या दिवसांत तो त्याच्याशी थेट बोललेला एवढाच.

रविवारी लेक आली. सावकाश दोन घोंगड्यांत गुंडाळलेले, फक्त चष्मा दिसत होता. दारात पाय ठेवताच त्यांनी इकडे तिकडे पाहिलं आणि विचारलं, "मशीनवर मांजर कुणाचं?"

लेकीने पर्समधून मेणबत्ती काढली. आईचीच मुलगी ती. म्हणाली, "मला ज्योत हललेली चालणार नाही." पुढच्या खोलीत कडेकडेने मेणबत्ती फिरवली. ज्योत हलली नाही. स्वयंपाकघरात हलली नाही. आम्ही सगळे वरातीसारखे मागोमाग. निजायच्या खोलीत तिने मेणबत्ती खिडकीच्या खालच्या कोपऱ्याशी धरली आणि ज्योत आडवी झाली.

बायकोने माझा दंड धरला.

लेकीने वळून पाहिलं. "आई, तू माझ्या खांद्यावर सुस्कारे सोडू नकोस. लांब उभी राहा."

अक्का भिंतीला टेकल्या आणि पदर तोंडात धरला. मेणबत्ती पुन्हा धरली. ज्योत उभी राहिली, सरळ, टाचणीसारखी. लेकीने खालून वरपर्यंत दोनदा फिरवली, मग फुंकर मारून विझवली.

"ठीक आहे," ती म्हणाली. "बाबा राहू देत. पण मी रोज फोन करणार. एक खोकला ऐकू आला तर गाडी घेऊन येईन. काका, तुम्ही लक्ष ठेवा."

मी मान हलवली. ती मेणबत्तीचा तुकडाही पर्समध्ये ठेवून गेली.

ती गेल्यावर घरात अशी शांतता झाली की काय सांगू. शीळ नाही, दात वाजणं नाही, हुंकार नाही. कॅलेंडर भिंतीवर मुकाट्याने चालू महिना दाखवत होतं. पिलांची चूं चूं तेवढी ऐकू येत होती. सावकाश आपल्या कॉटवर बसले, घोंगड्या काढल्या, उशी थापटली. खिडकीकडे पाहिलं, काचेवर बोटाने टिचकी मारली, चौकटीवरून हात फिरवला. अक्का दारात उभ्या होत्या. साडू आता काहीतरी चांगलं बोलतील, म्हणून मी बायकोला खुणेने गप्प केलं.

सावकाशांनी गळ्याशी बोट घालून सदऱ्याचं बटण सोडलं. "साडूभाऊ, तुम्हाला कोंदल्यासारखं नाही वाटत?" मग अक्कांकडे वळून म्हणाले, "अगं, जरा खिडकी उघडतेस का?"

अक्का पदर खोचून म्हणाल्या, "उघडते. पण आधी बटण लावा, दोन्ही घोंगड्या परत गुंडाळा, आणि लेकीला फोन लावून तुमच्या तोंडाने सांगा, की खिडकी तुम्ही उघडायला लावलीत, मी नाही."